नाणं अस्सल, चित्र मात्र नव्याने कोरलेलं

रोमन सम्राट वेस्पाझियनचा ‘युदाइआ काप्टा’ (‘जिंकलेला यहुदी प्रदेश’) सेस्टर्टियस, म्हणजे पितळी रोमन नाणं, इ.स. ७१, रोमची टांकसाळ. वजन २५ ग्रॅम, व्यास ३३ मिमी. कडेला ओतकामाचा सांधा नाही, बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, म्हणजे साच्यात ओतलेल्या नकलेच्या खुणा नाहीत. विक्रेत्याने ‘अस्सल’ म्हणून विकला, आणि तेवढ्यापुरतं ते खरंच होतं. झिजून सपाट झालेल्या खऱ्या नाण्यावर कोणीतरी कोरणी चालवून हरवलेलं चित्र परत उठवलं होतं. सुस्पष्ट नाण्याला झिजलेल्याच्या कितीतरी पट भाव मिळतो, म्हणून हा उद्योग चालतो.

इथे वजनकाटा उपयोगाचा नाही, चित्र वाचता यावं लागतं. मागच्या बाजूला मधोमध खजुराचं झाड, डावीकडे भाला आणि आखूड तलवार घेतलेला सम्राट, उजवीकडे शोक करत बसलेली यहुदी स्त्री. सम्राटाचा डावा पाय शिरस्त्राणावर असतो, स्त्री चिलखतावर बसलेली असते. या नाण्यावर शिरस्त्राणाचा गोल धोंडा झाला होता. मुळात तिथे काय होतं, हे कोरणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

झीज उंच भागापासून सुरू होते: पुढच्या बाजूच्या सम्राटाच्या चेहऱ्याचा गाल, कानावरचे केस, मागच्या बाजूच्या स्त्रीचा गुडघा. इथे गाल गुळगुळीत, पण त्याच उंचीवरचे केस काल कोरल्यासारखे धारदार. दहापट भिंगाखाली तिरका उजेड टाकल्यावर अक्षरांभोवती खोलगटपणा आणि समांतर ओरखडे दिसले. अक्षर उठवायचं तर भोवतालचा धातू खरवडावाच लागतो.

खरवडल्यावर तांबं-जस्ताचा पिवळा मिश्रधातू उघडा पडतो, म्हणून वर हिरवा रंग देतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर रंग बोळ्यावर येतो, खरा पॅटिना, म्हणजे धातूवर काळाने आपोआप चढलेला थर, येत नाही. मात्र रसायनाने चढवलेला नकली थर ॲसिटोनला दाद देत नाही, तेव्हा बोळा स्वच्छ निघाला म्हणून निश्चिंत होऊ नये.

सर्वांत भरवशाची खूण ठशाची, म्हणजे ज्या कोरीव साच्याने नाण्यावर चित्र उमटवतात त्याची. रोमन ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे प्रत्येक ठसा थोडा वेगळा, पण एका ठशाच्या नाण्यांत अक्षरांच्या जागा तंतोतंत जुळतात. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्याचा फोटो शेजारी ठेवला तेव्हा अक्षरांच्या जागा जुळल्या, वस्त्राच्या चुण्या जुळल्या नाहीत. तिथे प्रश्न मिटला.

पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर फक्त ‘अस्सल’ एवढंच होतं. ‘कोरणीकाम किंवा खरवडकाम केलेलं नाही, आढळल्यास नाणं परत घेऊ’ हे वाक्य पैसे देण्याआधीच पावतीवर लिहून घ्यावं.