शेव्हरोले सी-१० (१९७२) ला इलेक्ट्रिक फॅन: उन्हाळाभराच्या वापरानंतर

गाडी म्हणजे पिकअप ट्रक, ३५० क्युबिक इंच व्ही-८, ऑटोमॅटिक, टेक्सासच्या उन्हात चालणारी. इंजिनवर फिरणारा जुना फॅन काढून इलेक्ट्रिक बसवला. फॅन फोर्ड टॉरसच्या ३.८ लिटर व्ही-६ चा, श्राउडसकट (फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण), दोन स्पीडचा. भंगारातून घेताना फॅनच्या वायरचा प्लग नीट बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तो कापून नवीन टर्मिनल क्रिंप करा.

सिग्नलवर किंवा संथ ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढत असेल तर हा फॅन उत्तम काम करतो. पण हायवेला ६५ मैलांच्या वेगात गाडी तापत असेल तर फॅन बदलून काहीही होणार नाही. त्या वेगात वारा आपसूक रेडिएटरमधून जातो. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला असतो, इग्निशनचं टायमिंग चुकलेलं असतं, नाहीतर खालच्या होजमधली स्प्रिंग गंजून गेलेली असते आणि वॉटर पंपाच्या ओढीने होज चपटी होते. आधी हे तपासा.

खरा खर्च अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. या मॉडेलचा साधा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा, आणि हाय स्पीडला हा फॅन एकटाच ३५ च्या आसपास खातो. सुरू होतानाचा झटका तर त्याच्या कितीतरी पट. ९४ अँपिअरचा १२एसआय (आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर) घ्या. बाहेरच्या रेग्युलेटरचं वायरिंग मात्र बदलावं लागतं, आणि चार्जिंगची वायरही जाड हवी. आयडलला कुठलाही अल्टरनेटर पूर्ण अँपिअर देत नाही, हे हिशोबात धरा.

जुना फॅन काढताना एक गोष्ट हमखास राहून जाते. ज्या चार बोल्टांनी फॅन बसतो, तेच वॉटर पंपाची पुलीही धरतात. फॅन आणि त्याचा क्लच निघाल्यावर तेच बोल्ट परत लावले तर ते तळाला टेकतात. हाताला घट्ट लागतात, पण पुली सैलच राहते. त्याच आट्यांचे आखूड बोल्ट लावा. फॅनची मोटर आणि पंप यांच्यात किमान एक इंच जागा हवी, कारण इंजिन माउंट थकलेले असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे येतं. श्राउड रेडिएटर सपोर्टला पट्ट्यांनी बांधा. रेडिएटरच्या कोअरमधून आरपार घालायचे प्लास्टिक टाय अजिबात नकोत. कंपनाने ते ट्यूब घासून भोक पाडतात.

वायरिंग: बॅटरीजवळ ६० अँपिअरचा मॅक्सी फ्यूज, तिथून ८ गेज वायर, हाय स्पीडला ७० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). साधा ४० अँपिअरचा रिले काही दिवस चालतो, मग बेस वितळतो. रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर बॅटरी, ८७ वर फॅन, ८६ वर इग्निशन, ८५ थर्मोस्विचमधून (तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) अर्थला. हा स्विच इनटेक मॅनिफोल्डवर, थर्मोस्टॅटजवळ (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप). एका वायरचा स्विच आट्यांतूनच अर्थ घेतो, म्हणून टेफ्लॉन टेपचे वेढे गुंडाळू नका. चावी बंद केली की फॅनही बंद होतो, ते बरंच आहे. पंप थांबलेला असताना बॅटरी कशाला रिकामी करायची?

सेटिंगवरच सगळं अवलंबून आहे. थर्मोस्टॅट १८० फॅरनहाइटचा (८२ सेल्सिअस) असेल तर फॅन २०० ला चालू आणि १८५ ला बंद व्हावा. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर फॅन थांबतच नाही. एसी असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचवरून लो स्पीड चालू होईल अशी वेगळी रिले द्या.

आता ट्रॅफिकमध्ये काटा १८५ ते २०० मध्येच फिरतो. सुरू केल्यावर इंजिन लवकर गरम होतं, वेग घेताना हलकेपणा जाणवतो. खटकणाऱ्या गोष्टी तीन: हाय स्पीड लागताना क्षणभर हेडलाइट मंदावतात आणि आवाज मोठा येतो. शिवाय अखंड श्राउडमुळे हायवेला वारा थोडा अडतो. श्राउडला भोकं पाडून रबरी झडपा लावल्या की वेगात त्या आपोआप उघडतात.

महिन्याभराने फॅन हाय स्पीडला चालू असताना मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर आधी अर्थचा जोड साफ करा.