सात महिन्यांनी: अंधार पडल्यावर दिवा लावणारं मॉड्यूल

महाराणी रोडवरून एलएम 393 चिपचं ते निळं एलडीआर (अंधारात रोध वाढणारा सेन्सर) मॉड्यूल आणलं, रामबागेतल्या आमच्या ओसरीवरचा दिवा आपोआप लागावा म्हणून. दुकानात सेन्सरवर बोट ठेवून पाहिलं, झकास चाललं. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टकटकायला लागला. समोरच्या काकू म्हणाल्या, "काय रे, पाल चुकचुकतेय का तुमच्याकडे?"

दोष मॉड्यूलचा, पण बिघाड नव्हे. आतल्या कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपला, उंबरठा एकच. स्क्रूने मी तो 2.5 व्होल्टवर ठेवला होता. बोट पटकन ओलांडून जातं, संध्याकाळ मात्र तिथे घुटमळते. तेवढ्या वेळात वायरीतली दोन-चार मिलिव्होल्टची थरथरही दिव्याची उघडझाप करायला पुरते.

शेवटी एक 100 किलोओहमचा रेझिस्टर आउटपुटपासून सेन्सरच्या पिनेपर्यंत डकवला. खरी मजा मीटरवर. अंधारताना त्या पिनेवरच्या व्होल्टचा आकडा सावकाश चढतो, 2.49, 2.50... आणि टक! थेट 2.7. आउटपुट वर गेलं की रेझिस्टरमधून पिनेलाही वर ओढतं, मग बारीकसारीक थरथरीने माघार नाही. सकाळी उलट: 2.50 पर्यंत उतरतो आणि 2.3 वर आपटतो. लागायचा उजेड वेगळा, विझायचा वेगळा, हाच हिस्टेरेसिस. अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिटने 1938 मध्ये व्हॉल्व्हवर (जुन्या निर्वात नळ्यांवर) मांडलेली युक्ती, वीस रुपयांच्या वस्तूत का नसावी कोण जाणे.

हिशेब सोपा आहे. उंबरठ्यापाशी एलडीआर 10 किलोओहम, मॉड्यूलवरचा त्याच्या जोडीचा रेझिस्टरही 10, दोन्ही समांतर धरले की 5. पाच भागिले शंभर, गुणिले 5 व्होल्ट: साधारण पाव व्होल्टची फट. हावरेपणाने 100 ऐवजी 10 किलोओहमचा लावून पाहिला, तर मिट्ट काळोख झाल्याशिवाय दिवा लागेना आणि सकाळी पोहे खाऊन झाले तरी विझेना. परत 100.

एक दुखणं मात्र रेझिस्टरने गेलं नाही. दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडायचा. लागला की त्याला वाटे उजाडलं! त्यावर पेनाच्या टोपणाची नळी करून एलडीआरला घातली, तोंड रस्त्याकडे.

पावसाळाभर एकदाही टकटक नाही. भर दुपारी ढग दाटले की दिवा लागतो, आई कुरकुरते. जिन्यासाठी दुसरं आणलंय. या वेळी रेझिस्टर आधी, रिले नंतर.