पिल्लू बॉल पायथनचं घ्यावं की कार्पेट पायथनचं?

दोन्ही अजगर, दोन्ही बिनविषारी, आणि नीट सांभाळले तर दोन्ही वीस वर्षांच्या पुढे जगणारे. दुकानात काचेआड बघून ठरवायला गेलं की निवड रंगावर आणि किमतीवर होते, आणि तिथेच फसगत होते. पहिल्या वर्षात बॉल पायथन न खाऊन जीव टांगणीला लावतो, तर कार्पेट पायथन चावून हैराण करतो. यातला कुठला त्रास आपल्याला सोसेल, खरा प्रश्न हा आहे.

आधी कायदा

अनेकांची निवड इथेच संपते. आपल्या रानातला भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो पाळणं गुन्हा. उसात सापडलेलं पिल्लू ‘जरा मोठं करून सोडतो’ म्हणून घरी ठेवणंही त्यातच आलं. बॉल आणि कार्पेट हे दोघे परदेशी. दोघेही साइटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली, तरी ते कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

मेलबर्न-सिडनीकडच्यांपुढे हा पेच नाहीच. ऑस्ट्रेलियात बॉल पायथन पाळायला बंदी आहे. कार्पेट तिथलाच, तो राज्याचा परवाना काढून पाळता येतो. न्यूझीलंड आणि हवाईत कुठलाच साप चालत नाही. ब्रिटनमध्ये या दोघांपैकी कशालाच परवाना लागत नाही. अमेरिकेत राज्यागणिक, कधी शहरागणिक नियम बदलतात.

किती वाढतो

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. पिल्लू साधारण ५० ते ८० ग्रॅमचं. मोठा नर तीन-साडेतीन फूट, मादी चार ते पाच फूट. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाच्या साठीनंतर अंडी घातली होती. पंचविशीत साप घेणाऱ्याने एवढा हिशेब मनाशी करून ठेवावा.

कार्पेट ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. पिल्लू पेन्सिलीएवढं बारीक, २०-३० ग्रॅमचं; पण त्यातले ‘जंगल’ आणि ‘इरियन जाया’ हे प्रकार पाच-सहा फुटांवर जातात, ‘कोस्टल’ हा प्रकार सात-आठ फुटांवर. बॉल पायथन टेबलावरच्या पेटीत आयुष्य काढतो. कार्पेटला उंची लागते, फांद्या लागतात, आणि शेवटी खोलीतली एक भिंत त्याला द्यावी लागते.

न खाण्याचा हट्ट

बॉल पायथनबद्दल नव्या मालकाची पहिली तक्रार हमखास हीच. पिल्लू घरी आणल्यावर सात दिवस त्याला हात लावू नका, खायलाही देऊ नका. मग वजनाच्या १० ते १५ टक्के एवढा उंदीर द्या: ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचा. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचा, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवायचा. डोक्याकडचा भाग ३८ ते ४० अंशांवर आला पाहिजे, कारण बॉल पायथन ओठांवरच्या खळग्यांनी उष्णता टिपतो आणि थंड उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नाही. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजून पोट फुटतं. जिवंत उंदीरही नको, तो सापालाच कुरतडतो.

तरीही नाही खाल्ला तर? उंदीर काढून टाका आणि पुढचे सात दिवस परत विचारू नका. रोज पुढे केलं की पिल्लू अधिकच बिथरतं. दरम्यान कारण शोधा. बहुतेक वेळा पेटी फार मोठी आणि उघडी असते, लपायला एकच जागा असते आणि तीही ऐसपैस. अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशी एक लपण ऊबदार टोकाला आणि तशीच दुसरी गार टोकाला ठेवली की निम्मी पिल्लं वळणावर येतात, असा आमचा अंदाज. दुसरं कारण सवय: आधी छोट्या पांढऱ्या उंदरांवर (माउस) वाढलेलं पिल्लू मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅट) पिल्लाला तोंड लावत नाही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-धुरकट झाले असतील तर न खाणं ठीकच. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. ते टिकून असेल तर थांबा. पिल्लाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. बळजबरीने घास कोंबायचा प्रयोग घरी नको.

कार्पेट इथे सरळ बाजी मारतो. अंड्यातून निघाल्यावर पहिला घास घ्यायला काही पिल्लं त्रास देतात, पण ती कटकट पैदास करणाऱ्याची. एकदा खायला लागला की क्वचितच नाही म्हणतो. इतका की पोटभर खाऊनही पुन्हा झडप घालतो. म्हणून आठवड्याला एक घास, त्याच्या सर्वांत जाड भागाएवढा, यापलीकडे लाड नकोत.

चावण्याची खोड

हीच हावरी वृत्ती दाराशी उभी असते. कार्पेटच्या पिल्लाला हलणारी, ऊबदार कुठलीही वस्तू एक तर शत्रू वाटते किंवा जेवण. चावा म्हणजे टाचणीच्या टोचण्या. रक्ताचे ठिपके येतात, साबणाने धुतलं की झालं. हात मात्र झटकायचा नाही. तोंडात मागे वळलेले दात असतात. ओढलं की ते मोडून कातडीत राहतात आणि सापाच्या जबड्याला इजा होते. विळखा घालून बसला तर तोंडावर गार पाण्याचे थेंब सोडा, सोडतो.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. पेटी उघडल्यावर आधी आकड्याने (साप हाताळायच्या, टोकाला वाकवलेल्या काठीने) अंगाला हलकेच स्पर्श करा. ‘जेवण आलेलं नाही’ हे काही आठवड्यांत त्याला उमगतं. मग खालून उचला, डोक्यावरून हात नेऊ नका. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. खाल्ल्यानंतर ४८ तास अजिबात नाही, नाहीतर घास उलटून बाहेर येतो. बहुतेक कार्पेट वर्ष-दीड वर्षात निवळतात, थोडे कधीच निवळत नाहीत. बॉल पायथन पहिल्या दिवसापासून हातात गुंडाळी करून बसतो. त्याला शांत म्हणतात, पण पुष्कळदा ती भीती असते, म्हणून त्यालाही मर्यादेतच हाताळा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोन्हींचा विचार पुढे ढकललेला बरा. पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू चावण्यातून नव्हे, न धुतलेल्या हातांतून येतो.

पेटी, ऊब, ओल

बॉलच्या पिल्लाला ६० × ४० सेंटिमीटरची, बाजूंनी अपारदर्शक पेटी पुरते; मोठेपणी १२० × ६० × ६०. कार्पेटच्या पिल्लाला ३० × ३० × ४५ ची उभी पेटी आणि अंगाएवढ्या जाडीच्या दोन आडव्या फांद्या. मोठेपणी किमान १२० × ६० × ९०, कोस्टलला १८० लांबी. कार्पेटच्या बाबतीत पेन्सिल जाईल एवढी फटही फार झाली.

बॉलला ऊबदार टोक ३१-३२ अंश सेल्सिअस, गार टोक २५-२७, रात्री २४ च्या खाली नाही. कार्पेटला फांदीवर वरून ३१-३२, खाली २४-२५, आणि रात्री २२ पर्यंत उतरलं तरी चालतं. तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (पेटीखालची विजेची गरम चटई) लावणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. तळ ४५ अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि पोट भाजत असतानाही साप तिथून हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये बाहेरून चिकटवा. आत मोकळा ठेवलात तर साप तो पाण्याच्या भांड्यात ढकलतो, थर्मोस्टॅटला सगळं थंड वाटतं आणि मॅट तापतच राहते. मॅट तळाचा एक तृतीयांश भागच व्यापेल असं बघा. कार्पेटला मॅट फारशी उपयोगाची नाही. वरचा सिरॅमिक हीटर लागतो, आणि त्याला जाळीचा पिंजरा हवाच, नाहीतर साप त्या हीटरलाच वेढा घालतो.

बॉलला आर्द्रता ५५ ते ७० टक्के लागते, कात टाकताना ७० च्या वर. टोरांटोच्या हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरात हवा ३० टक्क्यांच्या खाली जाते. मग कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यांवरची झापडं (कातीचाच पारदर्शक भाग) अडकतात. ती चिमट्याने काढू नका. ओल्या शेवाळाचा डबा ठेवा, पुढच्या कातीबरोबर निघतात. कार्पेटला ४० ते ६० टक्के आणि वाहती हवा लागते. बॉलसाठी केलेली बंद, दमट पेटी त्याला दिली तर नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर ही लक्षणं दिसतात. हा श्वसनाचा संसर्ग, घरगुती उपायांनी जात नाही.

घेताना काय बघायचं

लोक चावण्याला भितात आणि न खाण्याला किरकोळ समजतात. आमच्या मते उलट आहे: दाराशी झडप घालणारा कार्पेट निरोगी असतो, तर चार आठवडे न खाल्लेल्या बॉलपुढे बसलेला मालक घाबरून दर दिवशी काहीतरी नवं चुकवतो. तुमचा स्वभाव काळजीखोर असेल आणि जागा असेल तर कार्पेट. जागा कमी, धीर जास्त, तर बॉल.

बॉल घेताना सलग पाच जेवणांची तारखांसह नोंद मागा आणि शक्य असेल तर आपल्यासमोर खाऊ घालायला सांगा. घाना, टोगो, बेनिनमधून आयात झालेली पिल्लं स्वस्त असतात, पण अंगावर गोचिडी-किडे घेऊन येतात आणि तीच जास्त हट्ट करतात. ‘स्पायडर’ रंगाचं पिल्लू डोकं डुगडुगवतं. तो त्या जनुकाचाच दोष, औषधाने जात नाही. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर माइट्स (रक्त शोषणारे बारीक किडे) आहेत, दुकानातल्या शेजारच्या पेट्यांतही असणार. कार्पेट घेताना पोटपाठ एकसारखी भरलेली आहे का आणि शेपटीने फांदी घट्ट धरतो का ते बघा. हातावर फटका मारला तर त्यावरून नापसंत करू नका.