बॅटरी शेड्युलिंग सॉफ्टवेअर: आठ महिने वापरल्यावर, मुख्यतः मॅन्युअलबद्दल

सेटअप: १०० किलोवॅट / २१५ किलोवॅट-अवरचं एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं कॅबिनेट, कारखान्याच्या छतावर सोलर, महावितरणचं एचटी (उच्चदाब) कनेक्शन. सकाळी ९ ते ५ सवलतीच्या वेळेत बॅटरी भरायची, संध्याकाळी ५ नंतरच्या जादा दरात रिकामी करायची, एवढंच काम. सॉफ्टवेअर गणितात चोख आहे. घोळ झाले ते मॅन्युअलने शब्दांचा अर्थ सांगितला नाही म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

सगळ्यात महागात पडणारी जागा एफिशियन्सीची. स्क्रीनवर चार्ज आणि डिस्चार्ज असे दोन रकाने आहेत, जुन्या मॅन्युअलात समोर फक्त 'टक्केवारी भरा'. डेटाशीटवर मिळतो राउंड-ट्रिप आकडा (भरलेल्या विजेपैकी किती परत मिळते), समजा ८८ टक्के. तोच दोन्हीकडे भरला की सॉफ्टवेअर ०.८८ × ०.८८ म्हणजे ७७ टक्के धरतं. भरायला हवं ०.८८ चं वर्गमूळ ०.९३८, म्हणजे दोन्हीकडे ९३.८ टक्के. फरक किरकोळ वाटतो ना? धरा, भरताना युनिट ६ रुपयांना पडतं आणि संध्याकाळी साडेसात रुपये वाचतात. खऱ्या आकड्याने बाहेर येणारं युनिट ६.८२ ला पडतं, चुकीच्या आकड्याने ७.७५ ला. मग सॉफ्टवेअर बॅटरीला हातच लावत नाही. एररही येत नाही, कारण त्याच्या लेखी ते बरोबरच असतं.

दुसरी जागा वेळेची. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर ९ ते १७ ही खिडकी आपल्याकडे दुपारी २:३० ते रात्री १०:३० होते, म्हणजे ऐन महाग वेळेत चार्जिंग. शिवाय दिवसाच्या १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये ३७ वा ब्लॉक ९:०० ला सुरू होतो. एक्स्पोर्ट फाइलमध्ये त्याच्यापुढे ९:१५ दिसत असेल तर ती ब्लॉक संपण्याची वेळ आहे. हे वाक्य आता मॅन्युअलच्या नव्या आवृत्तीत आहे. देर आए.

एसओसीची (बॅटरी किती टक्के भरलेली आहे त्याची) मर्यादा १०–९० ठेवली की वापरायला १७२ किलोवॅट-अवर उरतात. पण बीएमएस (बॅटरीचीच नियंत्रण यंत्रणा) आधीच वापरण्याजोग्या भागाला ० ते १०० म्हणत असेल, तर तीच कपात दोनदा होऊन १३८ च हाती येतात. प्लस म्हणजे चार्जिंग की डिस्चार्ज, हे ओळखणं सोपं: हाताने +५ किलोवॅटची कमांड द्या, मीटरवर आयात वाढली तर प्लस म्हणजे चार्जिंग.

नव्या मॅन्युअलात प्रत्येक रकान्याला एकक, उदाहरण आणि 'चुकलं तर काय दिसेल' हा स्तंभ आला, आणि खरा उपयोग त्या शेवटच्या स्तंभाचा आहे. पूर्ण सोडवलेलं उदाहरण मात्र अजून नाही. होम असिस्टंट या घरगुती ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरसोबत चालणाऱ्या एमहॅस या मुक्त सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजात आधी सोलरविना, मग सोलरसह, मग बॅटरीसह अशी टप्प्याटप्प्याने आलेखासकट उदाहरणं आहेत. तसं हवं होतं. इथे अजून स्क्रीनशॉटचीच भरताड.

आणि इंटरनेट गेल्यावर काय होतं? मॅन्युअल म्हणतं 'सेफ मोड'. प्रत्यक्षात हाती असलेलं वेळापत्रक संपेपर्यंत चालतं, मग बॅटरी शून्य किलोवॅटवर थांबते, म्हणजे ना भरते ना रिकामी होते. त्यात संध्याकाळ आली तर सगळा लोड ग्रिडवर येतो आणि एकदा नोंदलेली केव्हीए डिमांड (ग्रिडवरून घेतलेली कमाल मागणी) महिन्याच्या बिलात बसते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद असताना, राउटरची वायर काढून किती तासांनी बॅटरी थांबते ते घड्याळ लावून बघा आणि तो आकडा पॅनेलच्या दारावर चिकटवा.