‘नवं’ हीटर पॅनल आणि त्यामागचं एम-सील

जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डमधलं हीटर-एसीचं कंट्रोल पॅनल बदलावं लागेल, असं कुणी सांगितलं तर जुनं पॅनल हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. माझे ९,४०० रुपये गेले. काम झाल्यावर गाडी अगदी नीट चालत होती, म्हणून ही लबाडी लवकर लक्षात येत नाही.

आमच्या व्हॅनमध्ये दोन बिघाड होते. फॅनचे पहिले तीन नंबर बंद, फक्त चौथा चालायचा. आणि गरम-थंडची दांडी कुठेही सरकवा, हवा गरमच. नागपुरात हीटर कशाला लागतो, असं बाहेरगावचे लोक विचारतात. जानेवारीत पहाटे आई-बाबांना दवाखान्यात न्यायचं तर समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, ती हीटरनेच लवकर जाते. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना तीच दांडी काम करत नसेल, तर एसीच्या हवेत इंजिनची उष्णता मिसळत राहते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या गाडीत बसवत नाही.

गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या पाहिलं आणि सांगितलं, “भाऊ, पॅनलच गेलं. पूर्ण डॅशबोर्ड उतरवा लागते. गाडी ठेवून जा.” पॅनलचे ६,२०० आणि खोल-फिटिंगची मजुरी ३,२००. संध्याकाळी गेलो तर पॅनल चकाचक, बटणं नवी, चारही नंबर सुरू, दांडीही बरोबर. जुनं पॅनल मागितलं तर म्हणाला, “भंगारवाला घेऊन गेला ना. तुम्हाले काय कराचं त्याचं?” बिलाच्या जागी कच्ची चिठ्ठी, तिच्यावर फक्त ‘हीटर काम’.

काही आठवड्यांत फॅनचे तेच तीन नंबर पुन्हा बंद पडले. या वेळी गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. काकांनी माझ्यासमोर चार स्क्रू काढले, पॅनल पुढे ओढलं. डॅशबोर्ड जागचा हललाही नाही. पॅनलच्या मागे डाव्या कोपऱ्यात राखाडी एम-सीलचा गोळा होता, त्यावर अंगठ्याचा ठसा. तो ठसा माझ्या भावाचा. पॅनलचा एक कान तुटला होता तेव्हा त्यानेच तो चिकटवला होता. म्हणजे ६,२०० रुपयांना मला माझंच पॅनल विकलं गेलं, पॉलिश मारून आणि बटणं बदलून.

खरा बिघाड काकांनी समजावून सांगितला. फॅनचे खालचे नंबर करंट कमी करणाऱ्या एका छोट्या रेझिस्टरमधून चालतात. शेवटच्या नंबरला करंट थेट मिळतो. म्हणून फक्त शेवटचाच नंबर चालत असेल तर आधी रेझिस्टर पाहायचा. तो काही शेकड्यांत येतो. गरम हवेचं कारण त्याहून साधं: दांडीपासून गरम-थंड हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपपर्यंत जाणारी केबल क्लिपमधून सुटली होती. त्या गॅरेजवाल्याने हलका रेझिस्टर टाकला, केबल अडकवली, आणि पैसे पॅनलचे घेतले. धुळीने जाम झालेली फॅनची मोटर जास्त करंट ओढत होती, तिला त्याने हातही लावला नाही, म्हणून नवा रेझिस्टरही जळला.

पॅनल खरंच बदलायचं असेल तर बंद पाकीट तुमच्यासमोर उघडायला लावा. त्यावर एमआरपी, उत्पादकाचं नाव आणि महिना-वर्ष छापलेलं असतंच. गाडी सोडण्याआधी पॅनलच्या मागच्या बाजूला मार्करने सही करून फोटो काढा. पुढची बाजू पॉलिशने कुणीही चमकवू शकतो. जीएसटी लावत असेल तर बिलावर अक्षरं-आकडे मिळून १५ चिन्हांचा जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो.

पहिल्या गॅरेजवाल्याला जाब विचारायला गेलो तर “हे पॅनल आमचं नाहीच” म्हणाला. पण “नवीन पॅनल टाकलं” हा त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहे, आणि पैसे यूपीआयने दिल्याची नोंदही. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते, म्हणून नुसत्या चिठ्ठीमुळे गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे: दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पैसे अजून मिळालेले नाहीत. एम-सीलसकट ते पॅनल मी पुरावा म्हणून काढून ठेवलं आहे आणि गाडीत दुसरं बसवून घेतलं आहे, पक्क्या बिलावर.