अफवा आली, आता कोर्ट की खुलासा?

कुरकुरेत प्लास्टिक असतं हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला नाही असं घर दाखवा, काडी लावली की भडाभडा पेटतो आणि काकू म्हणतात बघा! अगं तांदूळ-मक्याचं पीठ न तेल आहे ते, पेटणारच ना, घरची चकली पण पेटते. तर 2018 ला कुरकुरे बनवणारी पेप्सिको दिल्ली हायकोर्टात गेली, फेसबुक-ट्विटरवरच्या पोस्ट ब्लॉक करायची ऑर्डर मिळाली. पण त्यात नुसती टवाळकी करणाऱ्या पोस्ट पण गेल्या आणि ज्यांना हा विषय माहीतच नव्हता त्यांनापण कळला. हातचं सोडून पळत्याच्या मागे.

अमूलचं बघा, मे 2023 ला लस्सीत बुरशीचा व्हिडिओ फिरला, त्यांनी सरळ खुलासा टाकला की पॅक स्ट्रॉच्या भोकापाशी डॅमेज आहे, तिथूनच गळतंय, व्हिडिओवाल्याने आम्हाला विचारलं पण नाही. लोकांनी परत व्हिडिओ उघडून ते भोक बघितलं, मी पण बघितलं.

कोर्ट अगदीच फालतू नाही हां, कोणी मुद्दाम पैसे घेऊन बदनामी करत असेल तर खुलासा देऊन काय उपयोग. पण काकूंच्या फोनमधला व्हिडिओ कुठली ऑर्डर डिलीट करणार, व्हॉट्सॲपवर फिरतोच तो. मी असतो तर आधी खुलासा, तोही मराठीत.