सुट्टीत कोणतं पुस्तक? आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जोडी-जोडीने तुलना

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. शिवाय विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा उघडतात. वेळ भरपूर असतो, घोडं अडतं ते निवडीपाशी. ‘संस्कार होतील असं काहीतरी द्या’ म्हणून आणलेलं पुस्तक बहुतेक वेळा विसाव्या पानावर आडवं पडतं. मुलाला ते कळत नाही असं नसतं. त्याच्या वाचण्याच्या गतीचा आणि आवडीचा विचारच कुणी केलेला नसतो.

म्हणून आधी गती मोजा. कोणतंही मराठी पुस्तक देऊन दहा मिनिटं मनातल्या मनात वाचायला सांगा. चार पानं झाली तर तासाला चोवीस. लग्नं आणि मामाचं गाव वजा जाता पाच आठवडे उरतात. आठवड्याला पाच दिवस, रोज पाऊण तास धरला तर एकूण जेमतेम एकोणीस तास, म्हणजे साडेचारशे पानं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची दहा मिनिटांत दोनच पानं होत असतील तर सव्वादोनशे. त्याच्यापुढे सहा पुस्तकांचा गठ्ठा ठेवण्यात अर्थ नाही.

कादंबरी द्यायची तर प्रश्न बहुधा ‘बनगरवाडी’ की ‘शाळा’ असा येतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची, दीडशे पानांच्या आतबाहेर. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर, त्याने गावाकडून बांधून घेतलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी. वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत. अडचण संवादांची. ते माणदेशी बोलीत आहेत आणि वऱ्हाडी कानाला पहिल्या पंधरा-वीस पानांत अडतात. ती पानं मोठ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावीत. कान बसला की मूल पुढचं आपलं आपण वाचतं. हा खटाटोप करणारं घरात कुणी नसेल तर नववीच्या आधी हे पुस्तक देऊ नका.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (2004) दुप्पट जाड आहे, पण पळते दुप्पट वेगाने. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची टोळी, शिरोडकर या वर्गातल्या मुलीवर बसलेलं त्याचं मन. कधीच काही न वाचणारा मुलगाही हे संपवतो, कारण भाषा वर्गाच्या मागच्या बाकावरची आहे. त्याच कारणाने पालक बिचकतात: शिव्या आहेत, मुलींबद्दलच्या गप्पा आहेत. नववी-दहावीला बेलाशक द्यावं. आठवीला द्यायचं तर आधी स्वतः वाचा. लपवून मात्र ठेवू नका, मग ते नक्की आणि चुकीच्या घाईने वाचलं जातं. वाचनाची गोडीच नसेल तर ‘शाळा’, गोडी आहे आणि वेळ कमी असेल तर ‘बनगरवाडी’.

चरित्रांमध्ये वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ सगळ्यात जास्त भेट दिलं जातं. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो. पुस्तक सरळ रेषेत जातं, प्रकरणं आटोपशीर आहेत, संथ वाचणाऱ्यालाही झेपतं. फक्त नायक इतका निर्दोष आहे की चौकस मूल कंटाळू शकतं. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये तसं होत नाही. बाप रांगडा, हट्टी आणि विनोदी आहे, शिवाय कथन एकट्याचं नाही, घरातली वेगवेगळी माणसं बोलतात. मध्येच ‘आता कोण सांगतंय?’ असा गोंधळ होतो. त्यासाठी पहिल्या कोऱ्या पानावर नातेवाइकांची नावं पेन्सिलने लिहून द्या. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथल्या मुलाला 1956 चं धर्मांतर एका घरात कसं उतरलं हे यातून कळतं, पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदातून नाही. दोन्हींतून एकच घ्यायचं तर हे.

विज्ञानाची ओढ असणाऱ्याला जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह. सुरुवात ‘उजव्या सोंडेचा गणपती’पासून करावी: क्रिकेट आहे, गणपती आहे आणि मोबियस पट्टी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की ही एकाच बाजूची पट्टी तयार होते आणि कथेतली कल्पना हातात येते. जंगलाची ओढ असेल तर मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’. चितमपल्लींचं रान म्हणजे आपलंच, नवेगावबांध-नागझिऱ्याकडचं, पण लेखन संथ आहे. एका बैठकीत एकच लेख बरा.

मराठी अगदीच अडखळत वाचणाऱ्याला कादंबरी नकोच. ‘व्यक्ती आणि वल्ली’तलं एक व्यक्तिचित्र, ‘सखाराम गटणे’ किंवा ‘चितळे मास्तर’, एका दुपारी संपतं. संपवल्याचा आनंद मिळाला की मग दुसरं.

खरेदी नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुन्या पुस्तकांत करणार असाल तर पानांचे आकडे तपासा. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फॉर्म्यांनी, म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेल्या जुड्यांनी, बांधलेलं असतं. एखादा फॉर्मा गळालेला, दुबार लागलेला किंवा उलटा बसलेला असतो, म्हणून आकडे सोळा-सोळा पानांनी जुळतात का ते बघा. छपाई फिकट, मुखपृष्ठ धूसर आणि कागद पलीकडचं दिसेल इतका पातळ असेल तर ती चोरून छापलेली प्रत समजा. तसला टाइप ताणून वाचताना डोळे दुखतात आणि दोष पुस्तकाला लागतो. नव्या प्रतीतही पाठ डिंकाने चिकटवलेली असेल तर खाटेवर पालथी घालून दाबू नका, पानं सुटतात. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ओल्या हवेने कागद फुगून लाटा येतात.